विश्लेषण : खेड्यांसाठी उपग्रह मागणारे विक्रम साराभाई आणि नौदलाची ‘रुक्मिणी’

२ नोव्हेंबर २०२५ रोजी संध्याकाळी श्रीहरिकोटाहून एलव्हीएम-३ प्रक्षेपक उडाला आणि ‘सीएमएस-०३’ हा ४,४१० किलो वजनाचा उपग्रह घेऊन गेला. भारतीय भूमीवरून भूस्थिर कक्षेच्या दिशेने गेलेला हा तोवरचा सर्वांत जड संदेशवहन उपग्रह. इस्रोच्या भाषेत त्याचे काम बहुपट्टा संदेशवहनाचे. व्याप्ती भारताचा भूभाग आणि भोवतालचा विस्तीर्ण समुद्र. नौदल त्याला ‘जीसॅट-७आर’ म्हणते आणि काम अधिक स्पष्टपणे सांगते : युद्धनौका, पाणबुड्या, विमाने आणि किनाऱ्यावरील नियंत्रण केंद्रे एका जाळ्यात बांधणे.

अशा प्रत्येक प्रक्षेपणानंतर डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव निघतेच. एक बाजू म्हणते, शाळा, शेती आणि हवामानासाठी अवकाश कार्यक्रम उभारणाऱ्या माणसाच्या संस्थेने लष्कराचे उपग्रह सोडावेत हे त्यांच्या स्वप्नाशी विसंगत आहे. दुसरी बाजू त्यांना थेट लष्करी सामर्थ्याचे आद्य शिल्पकार ठरवून मोकळी होते. दोन्ही चित्रे सोयीची आहेत. साराभाईंचे आयुष्य पाहिले तर ते दोन्ही चौकटींत पुरते बसत नाहीत.

गिरणीमालकाचा मुलगा वैश्विक किरणांकडे कसा वळला?

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेतील गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या घरी विक्रम यांचा जन्म झाला. आदल्याच वर्षी याच शहरात गिरणी कामगारांचा गाजलेला संप झाला होता. मालकांच्या बाजूला अंबालाल, तर कामगारांच्या बाजूला गांधीजी आणि अंबालाल यांच्या सख्ख्या भगिनी अनसूया. भाऊ-बहीण संपात समोरासमोर उभे राहिले आणि तरी घराचे संबंध तुटले नाहीत. मतभेद असलेल्या माणसांबरोबर काम करण्याची जी हातोटी विक्रम यांनी पुढे दिल्लीत, वॉशिंग्टनमध्ये आणि मॉस्कोत दाखवली, तिचे मूळ या घरात शोधायला हरकत नाही.

शिक्षण घरच्याच शाळेत, मग केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात. १९४० मध्ये पदवी हातात आली तेव्हा युरोपात युद्ध पेटलेले होते. ते भारतात परतले आणि बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली वैश्विक किरणांवर काम करू लागले. होमी भाभाही तेव्हा तिथेच होते. १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मृणालिनींची बहीण म्हणजे आझाद हिंद सेनेच्या राणी झाशी रेजिमेंटच्या कॅप्टन लक्ष्मी. युद्ध संपल्यावर साराभाई पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले.

त्याच वर्षी, वयाच्या २८व्या वर्षी, त्यांनी अहमदाबादेत फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी अर्थात पीआरएल सुरू केली. सुरुवात एका विज्ञान महाविद्यालयाच्या खोल्यांतून झाली. कापड गिरण्यांसाठीची संशोधन संस्था ‘अटिरा’, मृणालिनींबरोबर ‘दर्पण’ ही नृत्यसंस्था, पुढे आयआयएम अहमदाबाद अशी त्यांच्या संस्थांची यादी लांब आहे. इथे तिचा इतकाच उपयोग, की उपग्रहाच्या फंदात पडण्याआधीच हा माणूस संस्था उभ्या करण्यात तरबेज झाला होता.

थुंबाच का?

१९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली भारतीय राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती स्थापन झाली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. अग्निबाण उडवायला जागा हवी होती. ती शोधणाऱ्यांत मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. साराभाईंनी त्यांना अमेरिकेतून परत बोलावून घेतले होते; पुढे ते अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जागा ठरली ती तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा हे कोळ्यांचे गाव. चर्चची इमारत कार्यालय झाली, अग्निबाणाचे भाग सायकलवरून वाहिले गेले. हे सारे आता पाठ्यपुस्तकांत आले आहे. पण थुंबा निवडण्याचे शास्त्रीय कारण क्वचितच नीट सांगितले जाते, आणि लष्करी संदेशवहनाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त थुंबाच्या जवळून जाते. तिथे चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात आणि साधारण शंभर-एकशे दहा किलोमीटर उंचीवर दिवसा विद्युतप्रवाहाचा एक अरुंद पट्टा वाहतो. फुगे इतक्या उंच जात नाहीत, उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. तिथे फक्त लहान अग्निबाण पोहोचतो. हा पट्टा आयनांबरात आहे, आणि आयनांबर म्हणजे रेडिओ लहरींचे छत. जुन्या काळी जहाजांवरचा लघुलहरी रेडिओ याच छतावर आपटून दूरवर पोहोचायचा. छत हलले की आवाज तुटायचा. उपग्रहाच्या उच्च वारंवारितेच्या लहरी छत भेदून पलीकडे जातात, म्हणून उपग्रह भरवशाचा. तरीही विषुववृत्तीय पट्ट्यात सूर्यास्तानंतर या थरात विरळ बुडबुडे तयार होतात आणि उपग्रहाचा सिग्नल तारा लुकलुकावा तसा लुकलुकू लागतो. नौदले आणि भूदले हातात बाळगता येणाऱ्या संचांसाठी जी यूएचएफ पट्टी वापरतात, तिला हा त्रास विशेष होतो. मार्च २००२ मध्ये अफगाणिस्तानातील ताकुर घर शिखरावरच्या लढाईत अमेरिकी हेलिकॉप्टरपर्यंत इशारा पोहोचला नाही, त्यामागे असा बुडबुडा असण्याची शक्यता संशोधकांनी नंतर मांडली.

थोडक्यात, साराभाई ज्या थराचा अभ्यास निव्वळ कुतूहलापोटी करत होते, तो थर आजही हिंदी महासागरातील प्रत्येक युद्धनौकेच्या अँटेनावर डोकावत असतो.

पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाला. नाव नायके-अपाचे. तो अमेरिकेच्या नासाने दिला होता, त्यातील उपकरण फ्रान्सचे होते. संध्याकाळच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा ढग पसरला आणि भारताचा अवकाश कार्यक्रम सुरू झाला. या अग्निबाणाचा खालचा टप्पा, नायके, हा मुळात अमेरिकी सैन्याच्या विमानभेदी क्षेपणास्त्राचा बूस्टर होता. शांततामय कार्यक्रमाचे पहिले पाऊल लष्करी इंधनावर पडले. जगातल्या जवळपास प्रत्येक अवकाश कार्यक्रमाची गोष्ट अशीच आहे. भारताची वेगळी नाही, एवढेच.

टोकियो ऑलिम्पिकने काय दाखवले?

ऑक्टोबर १९६४ मध्ये सिनकॉम-३ या उपग्रहाने टोकियो ऑलिम्पिकची दृश्ये प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेत पोहोचवली. साराभाईंनी यातून ताबडतोब निष्कर्ष काढला. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर फिरणारा उपग्रह जमिनीवरून एका जागी स्थिर दिसतो. असा एक उपग्रह हाती असेल तर डोंगर, नद्या, तारांचे खांब असल्या अडचणी उरत नाहीत. ज्या देशाकडे टेलिफोनचे जाळेच नाही, त्याला आधी तारा आणि मग उपग्रह असा क्रम पाळायची गरज नाही. सरळ उपग्रहावर उडी मारता येईल.

अमेरिकी संरक्षण खात्याने त्याच उपग्रहातून वेगळा निष्कर्ष काढला. १९६५च्या सुरुवातीला सिनकॉम-२ आणि सिनकॉम-३ नासाकडून त्या खात्याकडे गेले आणि व्हिएतनाम युद्धातील संदेश त्यांच्यावरून वाहू लागले. १९६६ पासून अमेरिकेने खास लष्करी संदेशवहनाचे छोटे उपग्रह एकाच प्रक्षेपणात अनेक, अशा पद्धतीने सोडायला सुरुवात केली. सोव्हिएत संघाचा मोलनिया १९६५ मध्ये, ब्रिटनचा स्कायनेट १९६९ मध्ये गेला. म्हणजे साराभाई खेड्यांसाठी उपग्रह मागत होते तेव्हा बड्या देशांत लष्करी उपग्रहांची पहिली पिढी कामाला लागलेली होती. हे त्यांना माहीत नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल.

तरी त्यांनी यादी वेगळी केली. १९६७ मध्ये अहमदाबादेत प्रायोगिक उपग्रह भू-केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत दूरचित्रवाणी संच ठेवून ‘कृषि दर्शन’ सुरू झाले. १९६८ मध्ये थुंबा केंद्र संयुक्त राष्ट्रांना समर्पित झाले. अमेरिकी, फ्रेंच आणि सोव्हिएत शास्त्रज्ञ एकाच आवारात वावरू लागले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली आणि पुढच्याच महिन्यात नासाशी करार झाला : अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभर भारतीय खेड्यांना शिकवण्यासाठी उसना मिळणार होता.

मग ते लष्कराच्या विरोधात होते का?

इथे गोष्ट अवघड होते. जानेवारी १९६६ मध्ये भाभांचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि त्याच वर्षी साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. चीनच्या अणुचाचणीला तेव्हा दोन वर्षेही उलटली नव्हती. देशात अणुबाँबची मागणी जोरात होती. साराभाईंनी ती उघडपणे फेटाळली. नुसता बाँब असून भागत नाही, तो वाहून नेणारी, हेरणारी, संदेश देणारी सगळी यंत्रणा लागते, तिचा खर्च पेलताना देश आतून पोखरला तर सुरक्षा कसली, असा त्यांचा युक्तिवाद होता. भाभांच्या काळात मंजूर झालेला भूमिगत स्फोटाचा अभ्यास त्यांनी थांबवला. आयोगातील काही सहकारी यामुळे नाराज होते.

आता दुसरी बाजू. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एकदा त्यांनी एपीजे अब्दुल कलाम या थुंबातील तरुण अभियंत्याला दिल्लीत भेटीला बोलावले. वेळ दिली पहाटे साडेतीनची, अशोका हॉटेलात. (साराभाईंच्या भेटी अशाच वेळी आणि बऱ्याचदा विमानतळांवर होत.) तिथे हवाई दलाचे एक ग्रुप कॅप्टनही आले होते. साराभाईंनी दोघांना गाडीत घातले आणि दिल्लीबाहेरच्या तिलपत चाचणी मैदानावर नेले. आखूड धावपट्टीवरून लढाऊ विमान उडावे म्हणून त्याला जोडायची रशियन रॉकेट मोटर तिथे दाखवली आणि ती भारतात बनवण्याचे काम कलामांवर सोपवले. नंतर क्षेपणास्त्रांविषयीची एक समिती स्थापन झाली, कलाम तिचे सदस्य होते आणि बैठकांत काय चालले आहे याची साराभाई चौकशी करत.

म्हणजे बाँबला विरोध, पण हवाई दलाच्या मोटरला होकार. यात विसंगती आहे का? वरवर आहे. पण साराभाईंच्या हिशेबात प्रश्न लष्करी की नागरी असा दिसत नाही. तो पैसा कुठे आधी लावायचा, असा दिसतो. १९७० मध्ये त्यांनी अणुऊर्जा आणि अवकाश संशोधनाचा दहा वर्षांचा आराखडा मांडला. त्यात भूस्थिर संदेशवहन उपग्रह होता, स्वतःचा प्रक्षेपक होता. आणि जो देश भूस्थिर कक्षेत स्वतःच्या प्रक्षेपकाने उपग्रह ठेवू शकतो, तो तिथे काय ठेवायचे हेही स्वतः ठरवतो. हे वाक्य आराखड्यात लिहायची गरज नव्हती.

आर्वीचा डिश आणि अपुरे आयुष्य

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी आहे. डोंगरांच्या आडोशाने रेडिओचा गोंगाट कमी, म्हणून परदेशी टेलिफोन-तारांसाठीचे देशातील पहिले व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र इथे उभारायचे ठरले. (याच परिसरात, खोडदला, पुढे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आली.) असे केंद्र परदेशी कंपनीकडून तयार घ्यावे, हा तेव्हाचा रिवाज होता. अहमदाबादच्या केंद्रात घडलेले आपले अभियंते हे करू शकतात, असा आग्रह साराभाईंनी धरला आणि जबाबदारी अंगावर घेतली. सुमारे ३० मीटर व्यासाचा डिश उभा राहिला.

डिसेंबर १९७१ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध झाले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. त्यानंतर दोन आठवड्यांनी साराभाई तिरुवनंतपुरमला होते. उपग्रह प्रक्षेपकाच्या आराखड्याचा आढावा चालला होता. कलाम त्या दिवशी क्षेपणास्त्र समितीच्या बैठकीसाठी दिल्लीत होते. त्यांनी फोनवर बैठकीचा वृत्तांत दिला. साराभाईंनी त्यांना परतल्यावर विमानतळावरच थांबायला सांगितले, कारण त्यांना स्वतःला रात्री मुंबईला निघायचे होते. कलाम उतरले तेव्हा बातमी आली होती. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे वयाच्या ५२व्या वर्षी साराभाई गेले.

२६ फेब्रुवारी १९७२ रोजी आर्वी केंद्राचे लोकार्पण झाले. केंद्राला नाव दिले गेले विक्रम.

त्यांनी ठरवलेला खेड्यांचा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचे डिश बसवले गेले. चिटणीसांनी त्याची धुरा सांभाळली. जुलै १९७६ मध्ये मुदत संपली, अमेरिकेने उपग्रह दुसरीकडे सरकवला आणि पडदे बंद झाले. उसन्या उपग्रहाचा हा धडा लष्कराने नंतर अधिक गंभीरपणे घेतला, असे म्हणावे लागेल.

खेड्यातल्या टीव्हीपासून युद्धनौकेपर्यंत

साराभाईंच्या आराखड्यातील उपग्रह १९८०च्या दशकात ‘इन्सॅट’ म्हणून आला. पहिला १९८२ मध्ये काही महिन्यांत निकामी झाला, १९८३चा दुसरा चालला. नौदल मात्र दीर्घकाळ खोल समुद्रात इनमारसॅटसारख्या परदेशी सेवेवर अवलंबून होते. युद्धात ती सेवा कोणाच्या मर्जीने चालू राहील, हा प्रश्न विचारायला युद्धाची वाट पाहावी लागत नाही.

३० ऑगस्ट २०१३ रोजी जीसॅट-७ फ्रेंच गयानातून एरियन-५ वर गेला. नौदलाने त्याला ‘रुक्मिणी’ म्हटले. पुढच्या वर्षीच्या सरावात त्याच्यावर सुमारे ६० नौका आणि ७५ विमाने एकत्र जोडली गेली. डिसेंबर २०१८ मध्ये प्रामुख्याने हवाई दलासाठी जीसॅट-७ए आला. भूदलासाठीच्या जीसॅट-७बी करिता मार्च २०२३ मध्ये न्यूस्पेस इंडिया लिमिटेडशी २,९६३ कोटी रुपयांचा करार झाला.

तांत्रिकदृष्ट्या लष्करी आणि नागरी उपग्रहाचा मूळ सांगाडा एकच असतो. खालून आलेला सिग्नल पकडायचा, वारंवारिता बदलायची, वाढवून परत खाली सोडायचा. फरक असतो तो कूटबद्धतेत, जॅमिंगला तोंड देण्याच्या क्षमतेत आणि किल्ल्या कोणाच्या हातात आहेत यात. शेतकऱ्याला पिकाची माहिती सांगणारा ट्रान्सपाँडर आणि विनाशिकेला लक्ष्य सांगणारा ट्रान्सपाँडर शेजारी ठेवले, तर बाहेरून ओळखू येणार नाहीत.

आता भूस्थिर उपग्रहावर भागेल का?

एकट्या त्याच्यावर नाही. संदेशाला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. ड्रोन चालवणाऱ्याला तो खटकतो. शिवाय आकाशात एका जागी टांगलेला मोठा उपग्रह शत्रूला नेमका कुठे आहे ते माहीत असते. २०१७ मध्ये रशियाचा एक उपग्रह फ्रान्स-इटलीच्या लष्करी संदेशवहन उपग्रहाच्या अगदी जवळ जाऊन थांबला. फ्रान्सने पुढच्या वर्षी ते जाहीर केले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणाच्या दिवशी, तर उपग्रहाला हातही लागला नाही. व्हायासॅटच्या केए-सॅट सेवेचे जमिनीवरचे मोडेम सायबर हल्ल्यात निकामी झाले आणि त्या फटक्यात जर्मनीतील ५,८०० पवनचक्क्यांचे दूरनियंत्रण तुटले.

युक्रेनने पुढे स्टारलिंकवर भिस्त ठेवली. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरचे हजारो छोटे उपग्रह, विलंब फारच कमी, एक पडला तरी जाळे चालू. पण किल्ली एका खासगी कंपनीकडे. अमेरिकी लष्कर आता स्वतःचे असे जाळे, उपग्रहांमधील लेसर दुव्यांसह, विणत आहे. भारताकडे लष्करी संदेशवहनासाठी अजून असे खालच्या कक्षेतील जाळे नाही, आणि जीसॅट-७आर कितीही वजनदार असला तरी तो त्याची जागा घेऊ शकत नाही. ही उणीव प्रक्षेपणाच्या जल्लोषात हरवू नये.

दुसरी दिशा क्वांटम कूटबद्धतेची. चीनने २०१६ मध्येच त्यासाठी उपग्रह सोडला. भारताने २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. उपग्रहाच्या मदतीने २,००० किलोमीटर अंतरावरील केंद्रांत सुरक्षित संदेशवहन हे तिचे एक उद्दिष्ट आहे. त्या दिशेने इस्रोने मोकळ्या हवेतून पहिले प्रात्यक्षिक २०२१ मध्ये केले, ते अहमदाबादेत, अवकाश उपयोजन केंद्राच्या आवारातील दोन इमारतींमध्ये. अंतर होते ३०० मीटर.